दोन तास पन्नास मिनिटं

राग किती वेळ टिकतो? हा प्रश्न प्रयोगशाळेतला वाटतो, पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घड्याळ समोर ठेवून सोडवला आहे. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल लागला तेव्हा न्या. सुब्बा राव यांच्यापुढे एका दुपारचा हिशोब होता: नवरा घरातून कधी निघाला, गोळ्या कधी सुटल्या आणि मधल्या वेळात त्याने काय काय केलं. या खटल्यावर सिनेमे निघाले, पुस्तकं आली, मुंबईतल्या एका पिढीने त्याच्या गप्पा पुढच्या पिढीला पुरवल्या. त्या गप्पांत प्रेम, पारशी-सिंधी वाद आणि एक टॉवेल एवढंच उरलं. मला त्यातला मधला वेळ महत्त्वाचा वाटतो. त्या दुपारचे तास आणि रागावलेल्या मेंदूबद्दल आज जे ठाऊक आहे ते शेजारी शेजारी ठेवलं, तर न्यायालयाचा निकाल बरोबर ठरतो आणि त्यामागचं एक गृहीतक डळमळतं.

१८ एप्रिल १९५९. बाकी नऊ दिवस

आयएनएस म्हैसूर ही क्रूझर मुंबईला परतली. ब्रिटिशांची जुनी ‘नायजेरिया’ विकत घेऊन १९५७ मध्ये भारतीय नौदलात दाखल केलेली ही युद्धनौका. कमांडर कवस माणेकशॉ नानावटी हे तिच्यावरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १९४९ मध्ये इंग्लंडात पोर्टस्मथला त्यांनी सिल्व्हियांशी लग्न केलं होतं. तीन मुलं होती. नोकरीच अशी की घरापेक्षा समुद्रावर जास्त दिवस जायचे. या खेपेला ते ६ एप्रिलपासून बाहेर होते.

घरी आल्यावर पत्नी तुटक वागते आहे, जवळ गेलं की अंग चोरते आहे, हे त्यांना जाणवत होतं. विचारलं की ती विषय टाळायची.

असं टाळणं मेंदूला निमूट सोडून देता येत नाही. जवळच्या माणसाच्या वागण्याचा एक अंदाज मेंदूने बांधलेला असतो. तो चुकायला लागला की धोक्याची नोंद घेणारी यंत्रणा जागी राहते. मग ठिणगी पडते ती कोऱ्या जागेवर पडत नाही. कायद्यालाही हे मान्य आहे. चिथावणी गंभीर होती की नाही हे ठरवताना आधीच्या घटनांनी तयार झालेली मनःस्थिती विचारात घेता येते, असं त्याच निकालात म्हटलं आहे.

२७ एप्रिल, सोमवार, सकाळ

नवरा-बायको आजारी कुत्र्याला घेऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. जेवणाच्या वेळेला घरी परतले. सकाळबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दुपारचं जेवण

जेवणानंतर नानावटींनी सरळच विचारलं. सिल्व्हियांनी शब्दांत उत्तर दिलं नाही, मान हलवली. आपण एकनिष्ठ राहिलेलो नाही, एवढं त्यातून कळलं. माणूस कोण, हे नानावटींनी ओळखलं: प्रेम आहुजा. मोटारींचे व्यापारी, ‘युनिव्हर्सल मोटर्स’चे मालक, दोघांच्याही ओळखीचे.

या क्षणापाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या दुपारचं इंधन इथे पेटलं.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या अंगाला, बदामाच्या आकाराचा पेशींचा एक गट असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. समोर आलेली गोष्ट आपल्या दृष्टीने किती महत्त्वाची, किती घातक, याची पहिली पावती इथे फाटते आणि तीही सेकंदाच्या एका अंशात. तिथून संदेश हायपोथॅलॅमसकडे आणि पुढे मध्यमेंदूतल्या, द्रवाच्या नलिकेभोवतीच्या करड्या पेशींकडे जातो. रागाची शारीरिक बाजू या साखळीत तयार असते: छाती धडधडणं, जबडा आवळणं, मुठी वळणं. तिला शिकवावं लागत नाही.

ही साखळी मांजरांनी उघड केली. १९२८ मध्ये फिलिप बार्ड यांनी दाखवलं की मेंदूचं वरचं कवच काढून टाकलं तरी मांजर फिस्कारतं, नखं काढतं, पाठ उंचावतं. हायपोथॅलॅमसचा मागचा भाग तोडला की हा आवेश नाहीसा होतो. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस जागेपणी फिरणाऱ्या मांजरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक तारेतून वीज सोडत. शांत बसलेलं मांजर तेवढ्याने चवताळे, वीज थांबली की पुन्हा अंग चाटत बसे. मेंदूच्या या भागावरच्या कामासाठी त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं, म्हणजे नानावटींचं लग्न झालं त्याच वर्षी. पुढे २०११ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत दायू लिन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधला एक छोटा गट प्रकाशाने चेतवला. उंदीर जे दिसेल त्यावर तुटून पडले. मादीवर, बेशुद्ध उंदरावर, हवा भरलेल्या रबरी हातमोज्यावरसुद्धा.

हातमोज्याचा हा तपशील मला कायम अस्वस्थ करतो. त्या उंदराला चीड यायला काही कारणच नव्हतं. हल्ला करणारं यंत्र कारणाशिवायही चालू होतं.

माणसाच्या मेंदूत या यंत्रावर कपाळामागच्या भागाचा, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, लगाम असतो. त्यातही डोळ्यांच्या खोबण्यांवरचा आणि मधला भाग महत्त्वाचा. व्हिएतनाम युद्धातल्या जखमी अमेरिकी सैनिकांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेंदूच्या नेमक्या या भागाला इजा झाली होती त्यांच्यात आक्रमकपणा इतरांपेक्षा जास्त आढळला. तेव्हा सोपं चित्र असं तयार होतं: खाली जनावर, वर स्वार. जनावर उधळलं की गुन्हा घडतो, स्वाराने लगाम खेचला की माणूस शुद्धीवर येतो. कायद्याच्या डोक्यातही साधारण हेच चित्र असतं.

जेवणाच्या खोलीत ते लागूही पडतं. नानावटी ताडकन उठले, आत्ताच जाऊन आहुजाशी काय तो सोक्षमोक्ष लावतो म्हणाले. सिल्व्हियांनी हातापाया पडून त्यांना थोपवलं. आहुजा तुझ्याशी लग्न करणार आहे का, मुलांना सांभाळणार आहे का, या प्रश्नांना मात्र त्यांच्याकडे सरळ उत्तर नव्हतं.

या घटकेला नानावटींच्या हातून काही घडलं असतं, तर खटला वेगळा झाला असता. घडलं नाही. लगाम टिकला.

दीड वाजता. बाकी २ तास ५० मिनिटं

नानावटी पत्नीला, दोन मुलांना आणि शेजाऱ्यांच्या एका मुलाला मोटारीत घेऊन निघाले. दुपारच्या खेळाला सगळ्यांना मेट्रो सिनेमाशी सोडलं. सहा वाजता खेळ सुटल्यावर न्यायला येतो, असं सांगितलं.

यावरून पुढे न्यायालयात बराच खल झाला. पोरांना सिनेमाला पोचवणारा, परतीची वेळ ठरवणारा माणूस भान हरपलेला कसा? प्रश्न रास्त आहे. शरीराचा हिशोबही याच बाजूने बोलतो. रक्तात आलेलं ॲड्रेनालिन काही मिनिटांत ओसरतं. कॉर्टिसॉल हा ताणाचा दुसरा रस सावकाश चढतो, साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखराला जातो आणि तासा-दीड तासात उतरतो. मेट्रोच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा पहिली लाट सरून गेलेली असणार.

पण लाट सरली म्हणजे राग सरला असं नाही. माणूस तोच प्रसंग मनात पुन्हा घडवू शकतो, आणि मेंदू त्यालाही प्रतिसाद देतो. टॉमस डेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा: स्कॅनरमध्ये पडलेल्या विद्यार्थ्यांना प्रयोग घेणाऱ्याने मुद्दाम तुसडेपणाने झापलं, सांगितलेलं कळत नाही का, अशा सुरात. जितका राग आल्याचं त्यांनी नंतर सांगितलं, तितकी मेंदूच्या मधोमध असलेल्या सिंग्युलेट पट्ट्याच्या वरच्या-पुढच्या भागात हालचाल जास्त होती. मग त्यांना झालेल्या गोष्टीचा विचार करायला लावलं. ज्यांना झाला प्रकार घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात कपाळामागचा मधला भाग उजळला. स्वतःविषयी विचार करताना, ‘मला असं म्हणाला’ हे पुन्हा पुन्हा आठवताना चालतो तोच भाग.

म्हणजे ज्याला आपण लगाम समजत होतो त्याच प्रदेशातला एक भाग राग जिवंत ठेवायच्या कामाला लागतो.

राग बाहेर काढला की मोकळं वाटतं, या समजुतीचीही परीक्षा झाली आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये चिडवलेल्या विद्यार्थ्यांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला दिले. चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणत ठोसे मारणारे सगळ्यात जास्त संतापलेले राहिले. दोन मिनिटं नुसते गप्प बसलेले सगळ्यात निवळले. घरातली म्हातारी माणसं रागावलेल्याला पाणी पी, जरा आडवा हो म्हणतात, त्यालाही २००९ च्या एका प्रयोगाचा आधार मिळाला आहे: अपमान ऐकताना पाठीवर झोपलेल्या माणसाच्या मेंदूची, चालून जायच्या तयारीची खूण असलेली डाव्या कपाळाकडची विद्युत हालचाल बसलेल्यापेक्षा कमी भरली. एडी हार्मन-जोन्स यांच्या या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. भीती माणसाला मागे ओढते, राग मात्र पुढे ढकलतो, समोरच्याच्या दिशेने.

नानावटी गाडीत एकटे होते. त्यांनी गाडी बंदराकडे वळवली.

जहाजावर

आजारी कुत्र्यासाठी औषध आणायला जहाजावर गेलो, असं त्यांनी पुढे सांगितलं. तिथून त्यांनी आणखी काही घेतलं. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे, असं कारण देऊन भांडारातून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं मागून घेतली. ती एका तपकिरी पाकिटात ठेवली. अहमदनगरला जायचं नव्हतंच. बचावाचं म्हणणं असं की स्वतःला गोळी घालून घ्यायचा त्यांचा विचार होता.

हेतू कोणताही धरा, ही कृती बघा. अधिकाऱ्यांना पटेल असं गाव निवडायचं, रात्रीचा एकट्याचा प्रवास हे शस्त्र मागायला पुरेसं कारण आहे हे ओळखायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, नियमाप्रमाणे वस्तू ताब्यात घ्यायची. उधळलेल्या जनावराला हे जमत नाही. इथे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स शाबूत होता आणि उत्तम काम करत होता.

फक्त, कोणासाठी काम करत होता?

झुरिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पैशांच्या खेळात जोडीदाराने विश्वासघात केला की फसवल्या गेलेल्या माणसाला त्याला दंड करायची संधी द्यायची आणि त्या वेळी मेंदूचं चित्रण करायचं. दंड करायचं ठरवताना स्ट्रायाटमचा वरचा भाग चेतला. हा काही रागाचा अड्डा नाही. हवं ते मिळण्याची चाहूल लागली की चेततो तो हा भाग. ज्यांच्यात तो जास्त चेतला ते शिक्षेसाठी स्वतःच्या खिशातले पैसे घालवायलाही जास्त तयार होते. आणि जिथे शिक्षा देणं महाग पडत होतं तिथे कपाळामागचा भाग नफा-तोटा तोलत होता. हे तोलणं सूड घ्यायचा की नाही यासाठी असतं, तसं तो परवडेल कसा यासाठीही असतं.

यापेक्षा थेट पुरावा एड्रियन रेन यांच्या १९९८ च्या कामात आहे. खून केलेल्या माणसांचे त्यांनी दोन गट पाडले: भावनेच्या भरात मारणारे आणि ठरवून, थंडपणे मारणारे. पहिल्या गटात प्रीफ्रंटल भागाची हालचाल कमी होती, अपेक्षेप्रमाणे. ठरवून मारणाऱ्यांचा प्रीफ्रंटल भाग मात्र सामान्य माणसांसारखाच चालत होता. पण मेंदूच्या खोल भागात, उजव्या बाजूला, जिथे अमिग्डला आणि तिचे शेजारी असतात, तिथली हालचाल दोन्ही गटांत वाढलेली होती. म्हणजे थंडपणे मारणाऱ्यांच्या आतही आच होती. त्यांना तिचा उपयोग करून घेता येत होता, एवढाच फरक.

प्रयोग लहान होता आणि नानावटींच्या मेंदूचं चित्र कोणी काढलेलं नाही. १९५९ मध्ये तशी यंत्रंच नव्हती. तरीही त्या तपकिरी पाकिटाकडे मी ‘राग की योजना’ अशा दोन खान्यांत बघू शकत नाही.

आहुजांचं कार्यालय

तिथे ते नव्हते. न्यायालयाच्या दृष्टीने या फेरीला वजन होतं: माणूस कार्यालयात सापडला नाही म्हणून नानावटी परत फिरले नाहीत, घरी शोधायला गेले.

४ वाजून २० मिनिटं

सेटलवाड मार्गावरची ‘जीवन ज्योत’ इमारत. नोकराने दार उघडलं. नानावटी पाकिटासकट थेट शयनगृहात गेले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं. आहुजा नुकतेच अंघोळ करून आले होते, कमरेला टॉवेल होता.

आतल्या संवादाला साक्षीदार दोनच, त्यातला एक मेला. नानावटींच्या जबानीप्रमाणे त्यांनी शिवी देऊन विचारलं, सिल्व्हियाशी लग्न करणार का, मुलांना सांभाळणार का. उत्तरादाखल आहुजा म्हणाले की ज्या ज्या बाईशी संबंध आला तिच्याशी लग्न करायचं की काय. नानावटी भडकले, पाकीट कपाटावर ठेवून मारायची धमकी दिली. आहुजांनी पाकिटावर झडप घातली, झटापट झाली आणि गोळ्या चुकून सुटल्या.

हे खरं धरलं तर चिथावण्या दोन होतात: जेवणानंतरची आणि ही. मेंदूच्या भाषेत दुसरी जास्त घातक, कारण ती आधीच तापलेल्या शरीरावर येते. डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की आधीच्या एखाद्या कारणाने शरीरात उरलेली उत्तेजना पुढच्या चिथावणीच्या खात्यावर जमा होते आणि माणूस एरवीपेक्षा जास्त आक्रमक होतो. आधीचं कारण व्यायामासारखं निरुपद्रवी असलं तरीही.

न्यायालयाने झटापट मानली नाही. तिथे टॉवेल कामाला आला: दोन माणसं खरोखर झोंबली असती तर आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी राहिला नसता. आणि लग्नाविषयीच्या उद्धट उत्तराबद्दल न्यायमूर्तींचं म्हणणं स्वच्छ होतं. शिवी देऊन, भरलेलं शस्त्र घेऊन बंद खोलीत जाणाऱ्याने स्वतःच ओढवून घेतलेल्या उत्तराला अचानक चिथावणी म्हणता येणार नाही.

त्यानंतर

नानावटी खाली आले, गाडीत बसले आणि नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल कमांडर सॅम्युअल यांच्याकडे गेले. त्यांच्या सल्ल्याने पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे जाऊन हजर झाले. हे वागणंही व्यवस्थित होतं. बावरून पळणं नाही, लपणं नाही.

ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. ‘ब्लिट्झ’च्या रुसी करंजियांनी तोवर शहर नानावटींच्या बाजूने उभं केलं होतं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ११ मार्च १९६० रोजी तिथे जन्मठेप झाली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली. पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. १९६८ मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं.

सर्वोच्च न्यायालयाचा तर्क असा होता: दीड वाजता घर सोडलं, चार वीसला खून झाला, मधे तीन तास गेले. (दहा मिनिटं न्यायमूर्तींनी पदरची घातली.) एवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो, आणि त्या वेळातल्या कृती सांगतात की हा माणूस भानावर आला होता. म्हणून खून.

दुसरा अर्धा भाग मला मान्य आहे. सिनेमा, जहाज, अहमदनगरची थाप, कार्यालय, मग घर: प्रत्येक ठिकाणी परत फिरायला वाव होता आणि परत फिरण्याची शक्तीही शाबूत होती. जबाबदारी ठरवायला एवढं पुरेसं आहे. पहिला अर्धा भाग, म्हणजे वेळ गेला की राग जातो, हा मात्र घड्याळावर टाकलेला जास्तीचा भार आहे. राग घोळवत ठेवणाऱ्या डोक्यात तीन तासांनीही तो तेवढाच ताजा राहू शकतो आणि भानही शाबूत असू शकतं. हे मान्य केल्याने गुन्हा हलका होत नाही. एक पळवाट उलट बंद होते: ‘साहेब, त्याचा राग अजून धुमसत होता’ एवढ्यावर कोणाला सूट मागता येत नाही.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधला गंभीर आणि अचानक चिथावणीचा अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये गेला. किती मिनिटांपर्यंत ‘अचानक’ म्हणायचं, हे तिथेही लिहिलेलं नाही. वकील त्यासाठी अजून १९६१ चा हाच निकाल काढतात.